रिकाम्या होड्यांची नोंद

"शंभर टक्के, आत्या! एकही उत्तर चुकलेलं नाही," किमयाने ठासून सांगितलं.

मग सकाळी धक्क्यावर डोंगराआडच्या वाडीतले मच्छीमार बाबलकाका तिच्यावर का ओरडले होते? "तुजी लहरी आमका जबाबच देना नाय गो! सांजच्या बैठकीत सांगतंय, बंद करा ती!"

२०५८ सालच्या त्या कोकणी बंदरात 'लहरी' हा सातवीतल्या किमयाने उभारलेला सर्व्हर होता (सर्व्हर म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर धाडणारा संगणक). समुद्रात शिरण्याआधी होडीने विचारायचं, 'लाट किती?' आणि लहरीने सांगायचं. दर संपर्काची ओळ लॉगमध्ये (सर्व्हरच्या रोजनिशीत) लिहायला नोंद्या नावाचा रोबो होता. सहा महिने खपून उभारलेली लहरी बंद होऊ नये, म्हणून किमयाने आत्यापुढे लॉग उघडला होता.

समुद्रशास्त्रज्ञ शर्वरी आत्याने लॉग चाळला. ओळीमागून ओळ एकच, 'उत्तर पोचले'.

"इतका गुणी लॉग मी जन्मात पाहिला नाही! नोंद्या, तू ओळ लिहितोस कधी?"

"उत्तर पूर्ण पोचलं की."

"आणि संपर्क मध्येच तुटला तर?"

"तर लिहीत नाही. किमयाताईंचा नियम आहे, रिकामी होडी वहीत चढत नाही."

किमया ओशाळली. धक्क्यावरच्या वहीत तसंच चालायचं. मासळी आणली तरच होडीचं नाव चढायचं; रिकाम्या होडीसाठी कुणी पेनाचं टोपणही काढत नसे. लहानपणापासून पाहिलेलं तेच तिने नोंद्याला शिकवलं होतं.

"पास झालेल्यांचीच नावं लिहायची आणि म्हणायचं, निकाल शंभर टक्के!" आत्या हसली.

पण किमया रडत बसणाऱ्यांतली नव्हती. "मग दोनदा लिहू या. प्रश्न आला की लगेच एक ओळ. संपर्क संपला की दुसरी: कितव्या सेकंदाला संपला, उत्तर किती गेलं होतं, कोणी तोडला."

दुपारच्या भरतीपर्यंत एकवीस तुटलेले संपर्क लॉगमध्ये आले. सगळे डोंगराआडच्या वाडीतले. सगळे आठव्या सेकंदाला, होडीच्याच बाजूने तुटलेले, आणि उत्तर अर्धंच गेलेलं.

"होडीवरचं यंत्र आठ सेकंदच वाट बघतं!" किमया ओरडली. "डोंगराआड सिग्नल मंद, आणि मी आधी तो भलामोठा रंगीत नकाशा पाठवते. लाटेचा आकडा त्याच्या मागे अडकतो!"

तिने क्रम उलटा केला. आधी आकडा, मग नकाशा.

मच्छीमारांची संध्याकाळची बैठक डोंगराआडच्या वाडीतच होती. बैठकीनंतर बाबलकाका तिथूनच समुद्रात निघायचे होते. "काका, एकदाच विचारा," किमया म्हणाली. त्यांनी नाखुशीने यंत्राचं बटण दाबलं. दोन सेकंदांत उत्तर आलं: 'लाट तीन मीटर. आज थांबा.'

काकांनी मुलाला होडी वर ओढायला सांगितली.

"चूक माझीच होती," किमया म्हणाली. "तुम्ही रोज विचारत होतात आणि मी ते लिहीतच नव्हते."

लहरी बंद करण्याचा विषय कुणीच काढला नाही. काकांनी बैठकीला आणलेली धक्क्यावरची वही तिच्यापुढे सरकवली. "सकाळी माजी होडी रिकामी इली. तां पण लिव."

किमयाने टोपण काढलं. "आणि जाळं कुठे टाकलं होतंत? असं वर्षभर लिहिलं, तर मासे कुठून हललेत ते हीच वही सांगेल."

काका खाली बसले आणि सांगू लागले.