अंदाज चुकवणाऱ्या पाथ्रीकरबाई

प्रयोगशाळेतल्या खुर्चीत, डोक्यावर तारांची जाळीदार टोपी घालून बसलेले भालचंद्र देवतळे तिसऱ्यांदा सांगत होते, "मला झोप लागली नव्हती."

"गाडीला तसं वाटलं नाही," डॉ. नलिनी वाघधरे म्हणाल्या.

देवतळे नागपूरच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. फंडाच्या पैशातून त्यांनी एक अर्धस्वयंचलित गाडी घेतली, आणि ती नुसती दारात उभी राहू नये म्हणून 'सहवाट' नावाच्या सेवेत नाव नोंदवलं. दर गुरुवारी नागपूरहून ठाण्याला जायचं, वाटेत अनोळखी लोकांना घ्यायचं आणि भाड्यातून गाडीचा हप्ता काढायचा. गाडी बरीचशी आपली आपणच चालायची, पण सुकाणूमागे जागा माणूस हवा असा कायदा होता. मानेमागच्या उशीतले संवेदक चालकाचा जागेपणा मोजत आणि शून्य ते शंभरपर्यंत 'जागृतांक' दाखवत. तो चाळिसाच्या खाली गेला की गाडी मुकाट्याने कडेला थांबे.

देवतळ्यांची गाडी महिन्यात चारदा थांबली होती. शेवटच्या खेपेला मागच्या सीटवर एक बँक अधिकारी आणि त्यांची पत्नी होती. त्यांच्याच मुलीचा साखरपुडा त्यांच्यावाचून उरकला, तेव्हा प्रकरण सहवाटच्या नागपुरातल्या प्रयोगशाळेपर्यंत आलं.

"फार सज्जन माणूस हो तो," देवतळे कळवळून म्हणाले. "माझं प्रत्येक बोलणं त्यांना पटत होतं."

"तिथेच तर घोळ आहे, सर," संकेत-विश्लेषक इम्तियाज काझी पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "मेंदू नुसता ऐकत बसत नाही. समोरचा पुढे काय बोलणार याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो. अंदाज खरा निघाला, की म्हणतो, आपलं इथे काही काम नाही. आणि दिवे मालवतो."

"आणि चुकला तर?"

"तर खडबडून उठतो. नवा अंदाज बांधायची मेहनत पडते ना त्याला!"

"तुम्ही आमच्या नोंदीतले सगळ्यात सौम्य चालक आहात," डॉ. वाघधरे म्हणाल्या. "सौम्य माणसाशी लोकही सौम्यच बोलतात. त्यात रस्ता सरळसोट. झोप नाही येणार तर काय? आता आम्ही तुमची 'अंदाजभंग-जुळणी' करणार आहोत. ज्यांचं पुढचं वाक्य तुम्हाला ओळखता येणार नाही, असेच प्रवासी तुम्हाला मिळतील."

पुढच्या गुरुवारी जालन्याला कुसुम पाथ्रीकर गाडीत बसल्या. साठीच्या, ताठ मानेच्या, मांडीवर चामड्याची पिशवी घट्ट धरलेल्या. न्यायालयात लघुलेखक म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. आता दर आठवड्याला ठाण्याच्या एका लवादाचं काम करायला त्या जात.

"आज हवा छान आहे," देवतळे म्हणाले.

"कशावरून?"

"म्हणजे... वाटतंय तसं."

"काचा बंद, एसी चालू. हवा तुम्ही पाहिली कुठे?"

जागृतांक पंचावन्नवरून बहात्तरवर गेला. देवतळ्यांनी विषय आपल्या अंगणात आणला. भूमितीचं बरं असतं, म्हणाले. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज कुठेही जा, एकशेऐंशीच.

"कागदावर," पाथ्रीकरबाई म्हणाल्या. "जालना, ठाणे आणि दिल्ली जोडून पृथ्वीच्या पाठीवर काढा त्रिकोण. जास्त भरेल. पृथ्वी गोल आहे, मास्तर."

हे देवतळ्यांना अर्थातच ठाऊक होतं. पण चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ते त्यांना तोंडावर सुनावलं नव्हतं. जागृतांक अठ्ठ्याऐंशीवर जाऊन बसला तो थेट ठाण्यापर्यंत.

"एवढं कसं हो सुचतं तुम्हाला!" उतरताना ते म्हणाले.

"मी जन्मभर दोन्ही बाजूंचं नुसतं लिहून घेतलंय. एक शब्द माझा नाही. ते सगळं साचलंय."

आठ महिने गुरुवारची गाडी डोळ्यांत तेल घातल्यासारखी धावली. पोह्यात बटाटा घालावा का, इथपासून चंद्रावर न्यायालय असावं का, इथपर्यंत बाईंनी देवतळ्यांचं एक वाक्य सुखाने पार पडू दिलं नाही. देवतळे शनिवारपासूनच गुरुवारचे विषय टिपून ठेवू लागले.

आणि एका दुपारी वैजापूरच्या पुढे गाडी कडेला थांबली.

"मी बोलत असताना झोपलात?" पाथ्रीकरबाई म्हणाल्या.

"माफ करा. पुढचं मला माहीत होतं."

"हे त्याहून वाईट!"

पाठोपाठ सहवाटची सूचना आली: आपला परिचय प्रमाणाबाहेर पक्व झाल्याने ही प्रवासी-जोडी रद्द करण्यात येत आहे. हरकत असल्यास प्रयोगशाळेत चाचणी द्यावी.

देवतळ्यांनी सूचना चारदा वाचली. दुसरे प्रवासी ढिगाने मिळाले असते. पण गुरुवार गेला तर उरलेले सहा दिवस कशासाठी राखायचे, हे त्यांना कळेना. त्यांनी बाईंना फोन केला. एरवी "कशावरून?" म्हणणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "हरकत नोंदवा. मी येते नागपूरला."

चाचणीच्या खोलीत गाडीच्या दोन सीट मांडल्या होत्या. समोर पडद्यावर सरळ रस्ता पळत होता. देवतळ्यांनी सुकाणू धरलं, टोपी घातली आणि म्हणाले, "पोह्यात बटाटा चांगलाच लागतो."

पाथ्रीकरबाईंनी घसा खाकरला. "बरोबर आहे तुमचं, मास्तर."

जागृतांक शहाण्णववर उडाला. काझीच्या हातातला चहा सांडला.

"सापडलं!" देवतळे ओरडले. "बाईंनी फक्त माझ्याशी सहमत व्हायचं!"

दुसऱ्या वाक्यालाही बाई सहमत झाल्या. एकाहत्तर. तिसऱ्याला, चौथ्याला. पाचव्याला अंक अडतीसवर आला आणि पडद्यावरची गाडी कडेला थांबली.

"मेंदूला नवा अंदाज बांधायला चार वाक्यं पुरली," डॉ. वाघधरे हळूच म्हणाल्या. "इलाज नाही. जोडी रद्द करावी लागेल."

देवतळे टोपी काढून उठले. पाथ्रीकरबाई मात्र उठल्या नाहीत.

"निकाल कसा दिलात?" त्यांनी विचारलं. "एकाच बाजूचा जबाब घेतलात. दुसरी बाजू?"

"कुठली दुसरी बाजू?"

"माझी. परवाना आहे माझ्याकडे. तीस वर्षं गाडी चालवलीय. घाला ती टोपी मला."

सीटांची अदलाबदल झाली. पडद्यावर रस्ता सुरू झाला. काय बोलावं ते न सुचून देवतळे म्हणाले, "आज हवा छान आहे."

एकोणनव्वद.

काझीने तारा तपासल्या. देवतळे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." एक्क्याण्णव.

"हे कसं शक्य आहे?" डॉ. वाघधरे म्हणाल्या. "हे काय बोलणार ते मलासुद्धा आधीच कळतं. तुमचा अंदाज तरी काय असतो?"

बाई रस्त्याकडेच बघत राहिल्या. "माझं बोलून झालं की मी वाट बघते. आता हा माणूस म्हणेल, पुरे, उतरा खाली. माहेरी, सासरी, कचेरीत, सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलं. हे म्हणत नाहीत."

"पण आठ महिन्यांत अंदाज दुरुस्त व्हायला हवा होता."

"साठ वर्षांत पक्का झालेला अंदाज आहे, डॉक्टर. आठ महिन्यांत कसा मोडेल?"

काझीने कीबोर्डवर काही आकडे मारले, पुन्हा मारून पाहिले.

"या गतीने," तो म्हणाला, "चाळिसाच्या खाली यायला एकोणीस वर्षं लागतील."

"पुरे आहेत," देवतळे म्हणाले.

तेव्हापासून जालन्यापर्यंत गाडी देवतळे चालवतात आणि पुढे पाथ्रीकरबाई. पहिल्याच गुरुवारी बाईंनी लवादातल्या एका भांडणाची हकिकत सुरू केली: दोन भाऊ, एक विहीर आणि विहिरीत पडलेला तिसऱ्याच कुणाचा तरी पंप. देवतळे वैजापूरच्या आधीच गाढ झोपले. प्रवाशाने झोपू नये असं कायदा म्हणत नाही. बाई बोलायच्या थांबल्या. आणखी एक माणूस कंटाळला, असं मनाशी म्हणत त्या निमूट गाडी हाकत राहिल्या.

इगतपुरीच्या पुढे, बोगद्याच्या तोंडाशी, देवतळ्यांनी डोळे उघडले.

"बरं, मग?" ते सरळ बसत म्हणाले. "पंप कुणाचा निघाला?"

जागृतांक अठ्ठ्याण्णववर गेला.