सदतीस अंश

हेमंतनं ती मोटरसायकल घेतली तेव्हा गौरीनं नाक मुरडलं होतं. जुनी गाडी, तीही पाण्यानं थंड होणारी. म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर अशी सगळी कटकट. गौरी मूळची पुण्याची, लग्नानंतर हैदराबादला आलेली. इंजिनं थंड कशी राखायची, हेच तिचं कंपनीतलं काम. हेमंत काचीगुड्यातल्या जुन्या मराठी घरातला वकील. त्याला गाडीचा निळा रंग आवडला आणि विषय संपला.

"तू आहेस ना घरात," तो हसून म्हणाला, "मग मी कायकू फिकीर करू?"

डिसेंबर लागला. सकाळी फाटकाची कडी हाताला बर्फासारखी लागायची. एकदा गौरी चहाचा कप घेऊन अंगणात आली, तर गल्लीतलं करडं मांजर गाडीखाली पाठ इंजिनाला चिकटवून झोपलेलं. नुकत्याच फिरून आलेल्या गाडीखाली मांजरं बसतात, हे ठीक. पण हेमंतला सर्दी झाली होती आणि गाडी दोन दिवस जागची हललीच नव्हती.

तिनं इंजिनावर तळहात ठेवला. कोमट लागलं. किल्ली फिरवली. मीटरच्या पडद्यावर पाण्याचं तापमान आलं: सदतीस.

सेन्सर बिघडला असेल, असं म्हणून ती कामाला गेली. पण हातालाही ऊब लागली होती, ती काही डोक्यातून जाईना. पुढचे काही दिवस ती रोज बघत राहिली. सीटवर दव, टाकीवर दव आणि इंजिन कोरडं, उबदार. आकडा तोच. ऑफिसातून तिनं लांबून तापमान मोजायचं यंत्र आणलं. तेही सदतीसच म्हणालं. तिनं बॅटरी काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी इंजिन होतं तसंच उबदार.

ती घाबरली नव्हती. उलट, इतक्या वर्षांत कामात अशी मजा तिला आली नव्हती. उष्णता येते म्हटलं की ती कुठून तरी येत असणार; ते ठिकाण शोधायचं, एवढंच.

अंबरपेठच्या खाजाभाई मेकॅनिककडे तिनं गाडी नेली. त्यांनी सेन्सर बदलला आणि बंद गाडी दिवसभर दारात ठेवून पाहिली.

"सेन्सर झूठ नई बोलरा, मॅडम," संध्याकाळी ते म्हणाले. "गाडी सच्ची में गरम है." आणि गाडीवरचा हात काढून त्यांनी तो शर्टाला पुसला. हाताला तेल लागलेलं नव्हतं.

राहिला थर्मोस्टॅट. इंजिन थंड असतं तेव्हा ही लहानशी झडप रेडिएटरची वाट अडवून बसते. तिच्या पोटात मेण असतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. तरीही उष्णता चढत राहिली, गाडी सिग्नलला अडकली, वारा लागेना, तर पंखा सुरू होतो. सगळा सरळ कारभार.

रविवारी सकाळी तिनं इंजिनातलं पाणी बादलीत काढलं, झडप सोडवली आणि स्वयंपाकघरात नेऊन पातेल्यातल्या पाण्यात टाकली. हेमंत टेबलाशी पेपर वाचत होता. पाणी तापलं, झडप उघडली. तिनं ती चिमट्यानं काढून स्टीलच्या ताटलीत ठेवली. गार होताना ती हळूहळू मिटली. जशी मिटायला हवी तशी.

मग ती पुन्हा उघडली.

किंचितच. आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. गौरीनं बोट लावून पाहिलं. धातू पार गार झालेला.

ती बघत राहिली. मग तिची नजर वर गेली. पेपरच्या कडेमागे हेमंतची छाती वर होत होती, खाली जात होती.

"हेमंत, जरा श्वास रोखून धर."

"काय झालं?"

"धर ना."

त्यानं गाल फुगवले. ताटलीतली झडप अर्धी उघडी राहिली आणि थांबली.

"बस क्या?" तो हसत सुटला. झडप थरथरली.

गौरीनं त्याला काही सांगितलं नाही. नवी झडप तिनं आणून ठेवली होती. ती कपाटातच राहिली. जुनीच तिनं पुसून, जपून जागेवर बसवली. मग पाणी पुन्हा भरलं.

पुढच्याच आठवड्यात हेमंत एका खटल्यासाठी रेल्वेनं निजामाबादला गेला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणातून घरघर ऐकू आली. गाडीचा पंखा फिरत होता. गाडी बंद, किल्ली घरात खुंटीला. गौरीनं ती आणून फिरवली. एकोणचाळीस. एवढ्याला कुठलाही पंखा सुरू होत नाही.

तिनं फोन लावला. "तुला ताप आहे?"

"हौ, सकाळपासून. तुला कोण बोललं?" त्याचा आवाज ओढल्यासारखा येत होता. "लॉजवर पडलोय."

अडतीस. पंखा फिरत होता.

"डॉक्टरला बोलाव. आत्ता."

"बोलावतो."

सदतीस. आता पंखा थांबायला हवा होता. थांबला नाही.

छत्तीस.

गौरीनं वाकून पंख्याची वायर उपटली. पाती थांबली. अंगणात शांतता झाली.

पस्तीस. चौतीस.

"हेमंत?"

"अगं, एकदम बरं वाटतंय आता." आवाज स्वच्छ झाला होता. "काही नक्को डॉक्टर-बिक्टर."

तिनं दोन्ही हातांनी इंजिन कवटाळलं, फोन खांद्यावर मानेनं दाबून. तीस. सव्वीस. ऊब तिच्या तळव्यांखालून निघून जात होती आणि तिला ती धरता येत नव्हती.

शेवटी आकडा हवेच्या तापमानाशी येऊन थांबला. धातू फाटकाच्या कडीसारखा गार.

हेमंत बोलतच होता. खटला लवकर संपला, संध्याकाळच्या गाडीनं निघतो, काचीगुड्याला उतरून चालतच घरी येईन, जेवायला थांब, खूप भूक लागलीय. एकामागून एक वाक्यं येत होती, कुठेही न अडखळता.

गौरी फोन कानाशी घट्ट धरून, तो मधे कधी श्वास घेतोय का, ते ऐकत उभी होती.