खांबावरचा हिरवा भोपळा

उस्तीनाचा पाय घसरला, आणि बादलीतलं निम्मं बिटाचं आंबवण एका परक्या माणसाच्या पांढऱ्या कोटावर सांडलं.

जानेवारीतल्या जॉर्डनच्या, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाची सकाळ होती. देस्ना नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेली. काठावरच्या वेर्बिच शहरातल्या माणसांनी दरवर्षीप्रमाणे मधोमध बर्फ कापून पुरुषभर उंचीचा क्रूस उभा केला होता. त्याला लाल रंग चढवायचा मान चर्चमध्ये प्रार्थना गाणाऱ्या ओनिसिमबाबांच्या घराचा. उस्तीना त्यांची एकुलती एक लेक. आई गेल्यापासून आंबवण घालायचं तिच्याकडे आलं होतं. आठवडाभर मुरलेलं ते पाणी क्रुसावर ओतलं की बर्फ आतून पेटल्यासारखा दिसे. यंदा मात्र क्रुसाच्या आधी कोट पेटला.

त्या माणसानं आधी कोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुमच्या गावात पाहुण्याला असं रंगवून घेतात का?"

"पाहुणा वाटेत क्रुसासारखा उभा राहिला, तर रंगवणारच."

"क्रूस बोलत नाही. मी बोलतो."

"हो ना... तिथंच गडबड झाली."

तो हसला, आणि बादली उचलून तिच्या हातात देताना त्याची बोटं हातमोज्यातूनही ऊबदार लागली – निदान उस्तीनाला तरी तसं वाटलं. घरी जाईपर्यंत तिनं तो हात खिशात घातला नाही.

त्याचं नाव लाव्रीन. वेर्बिचच्या धक्क्याशी बर्फात अडकून पडलेल्या आगबोटीवर तो खलाशी होता, आणि हिवाळाभर बोटीची राखण करायला त्याला मागे ठेवलं होतं. पुढच्या रविवारी तो तोच डागाळलेला कोट घालून चर्चमध्ये आला. डाग धुतला का नाही, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, धुवून जाणारा असता तर धुतला असता. आणि मग गाणं सुरू झालं. ओनिसिमबाबांचा आवाज वर चढला, आणि मागच्या खांबाआडून कुणीतरी त्याला खालून आधार दिला – विहिरीच्या तळातून यावा असा खर्ज. बाबांनी मान वळवली नाही, पण त्यांचे डोळे भरून आले. बाबांचं असंच होतं. त्यांना जे बोलता येत नसे ते ते गाऊन सांगत, आणि ज्याला गाता येई तो त्यांचा सोयरा. संध्याकाळी त्यांनीच लाव्रीनला जेवायला बोलावलं.

तो हिवाळा भुर्रकन गेला. शेगडीपाशी बाबा आणि लाव्रीन पुढच्या रविवारची गाणी घोळवत बसत. उस्तीना चेरी भरून करंज्यांसारखे वारेनिकी करी, आणि लाव्रीनच्या ताटलीत नेमका एक मिठाचा टाकी. तो तो वारेनिक मुकाट्यानं खाऊन टाकी आणि म्हणे, आज फारच गोड झालेत. बाबा म्हणत, या शहराला शत्रूंनी तीनदा जाळलं आणि तिन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं, कारण इथल्या लोकांना गाता येतं. यावर लाव्रीन हळूच म्हणे, आणि स्वयंपाक कसाही असला तरी खाता येतो.

बर्फ फुटला. बोट सुटली. आता ती बुधवारी आणि शनिवारी वरच्या अंगानं येऊ लागली. आधी उस्तीनाच्या परसामागून जायची, मग चर्चच्या टेकडीखाली धक्क्याला लागायची. कुंपणाच्या कोपऱ्यावर एक जुना ओकचा खांब होता. बोट वळणावर आली की उस्तीना तिथं उभी. लाव्रीन बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहून टोपी हलवी, आणि बोट धक्क्याला टेकायच्या आत ती टेकडी उतरून खाली पोचलेली असे. बोटीचं सुकाणू धरणारे तांडेल युखीमआजोबा म्हणत, या पोरीमुळे भोंगा वाजवायची गरजच उरली नाही.

जुलैच्या एका शनिवारी धक्क्यावर लाव्रीननं विचारलं. नेहमीच्या थट्टेत विचारायला गेला, पण मधेच त्यानं टोपी काढून हातात धरली.

"शरदात मागणी घालायला माणसं पाठवली तर... काय मिळेल त्यांना? शेला की भोपळा?"

वेर्बिचमध्ये रीतच तशी. मुलीला स्थळ पसंत असलं की ती मागणी घालायला आलेल्यांच्या खांद्याला आपल्या हातानं भरलेला शेला बांधते. नसलं, तर काही न बोलता त्यांच्या हातात भोपळा ठेवते. भोपळा घेऊन गल्लीतून परत जाणाऱ्याला मग वर्षभर कुणी सोडत नाही.

उस्तीनाचा शेला केव्हाच भरून झाला होता. पेटीत, आईच्या ओढणीखाली. लाल दोऱ्यातली झाडं, आणि झाडाच्या दोन्ही अंगाला एकेक पक्षी. पण 'शेला' हा शब्द तिच्या ओठांवर येऊन लाजला.

"असं कसं आधी सांगू? शरदात कळेल."

"मला तोवर झोप नाही यायची. बुधवारी खांबावर ठेव काय ते. मी बोटीवरून बघीन."

"आणि भोपळा दिसला तर?"

"तर उडी टाकीन नदीत."

"पोहता येतं ना?"

"उत्तम येतं. म्हणूनच तर म्हणतो."

बुधवारी सकाळी उस्तीना शेला घेऊन खांबापाशी गेली. आणि तिथं तिला लहर आली. वेलीवर जुलैतला भोपळा केवढा असणार – हिरवा, कोवळा, मुठीएवढा. असला भोपळा कुणी कधी कुणाला नकार म्हणून दिला आहे? तो पाहील, दचकेल, मग आकार बघून हसेल, आणि धक्क्यावर उतरेल तेव्हा ती शेला घेऊन समोर उभी असेल. तिनं शेला परत पेटीत ठेवला, भोपळा खुडला, खांबावर ठेवला, आणि चेरीच्या झाडाआड त्याचं तोंड बघायला उभी राहिली. हसू दाबायला डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं होतं.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली. सण नव्हता, आग नव्हती, तरी थांबेना. शेजारची मोत्रामावशी रस्त्यावरून रडत ओरडत गेली, की तार आली आहे, लढाई जाहीर झाली, तरण्या पुरुषांना बोलावलं आहे...

आणि वळणावर बोट आली. ती नेहमीच्या वाटेनं काठाजवळून आली नाही. पलीकडच्या अंगानं, खोल पाण्यातून, भरधाव. वरच्या गावांतले पुरुष कठड्यापर्यंत खच्चून भरले होते. पुढच्या टोकावर लाव्रीन होता. त्यानं टोपी काढली, हलवली. मग त्याची नजर खांबाकडे गेली असावी... हात तसाच वर राहिला क्षणभर. आणि हळूहळू खाली आला.

उस्तीना झाडाआडून बाहेर धावली. हात केले, हाका मारल्या. घंटेपुढे तिची तिलाच हाक ऐकू येईना. मग घरात पळाली, पेटी उघडली, आईची ओढणी भिरकावली, शेला घेऊन कुंपणाशी आली. बोट धक्क्याला लागलीच नाही. वळणापलीकडे नुसता धूर होता.

एवढ्या लांबून भोपळा मुठीएवढा की घागरीएवढा, हे कुणाला दिसतं?

त्या रात्री तिनं पत्र लिहिलं. चारच ओळी. भोपळा कोवळा होता रे, नीट बघायचं तरी. शेला तयार आहे. युखीमआजोबांनी पत्र कीव्हला नेलं, तोवर त्याची पलटण निघून गेली होती. दुसरं पाठवलं, तिसरं पाठवलं. सप्टेंबर सरताना आजोबांनी तिन्ही पत्रं परत आणून दिली, न फोडलेली. सोबत एक गाठोडं. त्यात तो कोट.

"जाताना म्हणाला, गायकांच्या लेकीला द्या. डाग तिचा आहे, तिच्याकडेच राहू दे."

उस्तीनानं कोट छातीशी धरला.

"आजोबा, हे म्हणताना तो हसत होता का?"

म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली.

"खोटं कशाला सांगू, पोरी? माझं लक्ष पाण्याकडे होतं. तिथं वाळू वर आलेली असते."

तेव्हापासून तिला एकच ध्यास. तो परत येवो, न येवो, इथं राहो, कुठंही राहो – पण तिनं 'हो' म्हटलं होतं, एवढं त्याच्या कानावर जावं. रोज चर्चमध्ये ती मेणबत्ती लावी आणि देवाला दुसरं काही मागत नसे. एवढा निरोप पोचव. तुझ्याकडे देवदूत ढिगानं आहेत, एक पाठव.

शरदातला मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी बाबा गेलेल्यांची नावं गातात. ओन्या, मग हान्ना – उस्तीनाचीच आई. पलीकडच्या गल्लीतले, गेल्या वर्षीचे, मग या वर्षीचे. शेवटच्या नावापाशी बाबांचा आवाज थांबला. खांबाआडची जागा रिकामी होती. खालून आधार द्यायला कुणी नव्हतं. मग त्यांनी एकट्यानं, एका श्वासात, फार हळू गायलं –

"तुझा सेवक, सैनिक लाव्रीन..."

त्याच्या आईचं पत्र त्यांच्याकडे चार दिवसांपूर्वीच आलं होतं. मुलगा तुमच्यात गात होता, तुमच्यातच त्याचं नाव घ्या, असं तिनं लिहिलं होतं. चार दिवस बाबा लेकीसमोर जेवायला बसले आणि उठले. सांगता आलं नाही. फक्त गाता आलं.

उस्तीना रडली नाही. मेणबत्ती विझेपर्यंत उभी राहिली. देवानं निरोप पोचवला नव्हता, आणि आता पत्ताही काढून घेतला होता.

जॉर्डनचा सण पुन्हा आला. क्रूस कापायला या वेळी म्हातारेच होते, म्हणून तो बुटका झाला. उस्तीना बादली घेऊन आली, कुठंही न घसरता. तिनं आंबवण थेंबही न सांडता ओतलं. मग कोटाच्या आतून शेला काढला. तोच कोट, तिच्या अंगाला तो फार मोठा होत होता.

बाबा पुढं आले.

"तो लग्नाचा शेला आहे, पोरी."

"हो, बाबा."

ती शेला क्रुसाला बांधू लागली. तिची बोटं गारठली होती, गाठ बसेना. तेव्हा बाबांनीच क्रुसाच्या खांद्यावरून शेला फिरवून घट्ट बांधला. मागणी घालायला आलेल्याला बांधतात तसा.

मार्चअखेर एका दुपारी नदी कडाडली. सगळं शहर काठावर आलं. बर्फाचे तराफे एकमेकांवर चढत, आपटत निघाले. त्यांतल्या एकावर क्रूस अजून उभा होता – झिजलेला, फिका, एका अंगाला कललेला. शेला मात्र ओला, लालभडक. तो तराफा काठाकडे आला नाही. बोट जिथून गेली होती तिथूनच, पलीकडच्या खोल पाण्यातून गेला.

उस्तीना खांबापाशी उभी होती. खांब रिकामा होता. तिनं हात वर केला, आणि तराफा वळणाआड गेल्यावरही खाली घेतला नाही.