कोरा अंतरा

नांदवळच्या मल्हारबुवा उत्सवाची एक रीत बाहेरच्यांना खुळचट वाटते. शेवटची बंदिश बुवांचीच असते, पण तिचा अंतरा कुणालाच ठाऊक नाही. बुवांनी ती एकदाच पुरी गायली आणि पाठोपाठ गावात प्लेग आला. बुवाही गेले, ऐकणारेही गेले. शेजाऱ्यांच्या कानावर पडली तेवढी स्थायी उरली. म्हणून स्थायी संपली की गायिका गप्प बसते, तबल्याचा ठेका चालू राहतो आणि मंडपातला जो तो आपापला अंतरा मनात गातो.

यंदा ध्वनिसंशोधक शलाका आपला कंपनवाचक घेऊन आली, तेव्हा गायिका सुनेत्राबाईंना हसू आवरेना. "अगं, बुवांच्या तंबोऱ्याचा भोपळा काय बोलणार?"

"बोलेल, ताई. रोगण वाळल्याशिवाय तंबोरा हातात घेऊ नये म्हणतात ना? बुवांना कुठला दम! ती बंदिश गाताना त्यांच्या आवाजाची कंपनं ओल्या रोगणात उमटली आणि तशीच सुकली. हा किरण ती वाचतो."

"भारीच उतावळे हो बुवा!" सुनेत्राबाई म्हणाल्या.

आधी नुसती खरखर झाली. मग सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस त्यांच्यासमोर गाऊ लागला. अंतरा असा काही उठला, की कुणाच्या स्वप्नातही आला नसता. सुनेत्राबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला, हात आपोआप जोडले गेले. "देवा, एवढं होतं यात!"

"आज कोऱ्या जागेत हेच लावू? उत्सव समितीनं तुमच्यावर सोडलंय."

"लाव गं, लाव! विचारतेस काय?"

तंबोरे जुळवताना त्यांनी सवयीनं स्वतःचा अंतरा आठवला. त्या कोऱ्या जागेत त्यांना दरवर्षी आई ऐकू यायची, गेलेली आई, तिच्या किंचित घोगऱ्या आवाजात. आज मात्र बुवाच आले. पुन्हा आठवून पाहिलं, पुन्हा बुवाच.

"शलाका, एकदा ऐकलेलं पुसता येतं का गं?"

"नाही हो, ताई. का?"



संध्याकाळी मंडप भरला. स्थायी संपली, ठेका पुढे निघाला. लोकांनी डोळे मिटले. पहिल्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर कुणाशी तरी बोलल्यासारखे गालात हसत होते. शलाका बटणावर बोट ठेवून सुनेत्राबाईंच्या खुणेची वाट पाहत होती. सुनेत्राबाईंच्या मनात बुवांचा अंतरा घुमत होता. तो न ऐकता कुणी मरू नये, इतका सुंदर. आणि आईसाठी जीव तुटत होता.

खूण केली तर या माणसांना आपण काय देणार होतो, आणि त्यांच्याजवळचं काय घेऊन जाणार होतो?