शेकाच्या आड

स्टोव्ह बसवून घ्यायचा म्हटलं की लोक आधी रंगाचं विचारतात. मी आधी भिंती बघतो. भिंत विटांची की लाकडाची, वर माळा आहे का, धुराड्याचा पाइप सरळ वर जाईल की त्याला वळण द्यावं लागेल. लाकडावरचा स्टोव्ह म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, खाली हवेची झडप, वर पाइप. नीट बसवला आणि नीट वापरला तर पुढच्या पिढीला पुरतो. हे काम मी आणि माझा मेहुणा मिळून करतो. तो छपरावर, मी खाली. त्याच्या मते मला माणसांशी बोलायचं चांगलं जमतं म्हणून मी खाली. खरं कारण माझे गुडघे.

ते घर रस्त्याच्या शेवटाला होतं. अरुंद, बैठं, दोन्ही बाजूंना चिकटून दुसरी घरं. बैठकीची खोली लांबट होती. एका टोकाला रस्त्याकडची खिडकी, दुसऱ्या टोकाला पांढरी भिंत, मधे सोफा आणि पुस्तकांचं कपाट. घरात सून आणि सासरे दोघंच. मुलगा परगावी नोकरीला, सुट्टीपुरता येऊन जायचा. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दुपारी घरी यायची. बोलणं मोजकं आणि नेमकं. मी काय सांगतोय ते ती एकदाच ऐकायची आणि पुन्हा विचारायची नाही.

स्टोव्ह सासऱ्यांसाठी घेतला होता. आदल्या पावसाळ्यात ते मोठ्या आजारातून उठले आणि तेव्हापासून अंगात थंडी भरल्यासारखी झाली होती. दोन स्वेटर, शाल, पायात लोकरीचे मोजे, तरी बोटं पांढरी. जन्म लाकडाच्या वखारीत गेलेला माणूस. मी आणलेला एक ओंडका त्यांनी उचलला, दुसऱ्यावर ठोकला, आवाज ऐकला आणि म्हणाले की हे वाळलेलं आहे, चालेल. मेहुण्यानं विचारलं, ओलं असतं तर आजोबा काय केलं असतं? ते म्हणाले, तुला परत पाठवला असता. मेहुणा छपरावर चढेपर्यंत हसत होता.

आम्ही स्टोव्ह खिडकीच्या बाजूला घेतला. खाली दगडी फरशी, मागच्या भिंतीवर पत्रा, भिंत आणि पत्रा यांच्यात हवा खेळायला जागा. छतातून जाताना दुहेरी पाइप. काम संपल्यावर मी सूनबाईंना सगळं समजावलं. स्टोव्हच्या पुढे दोन हात जागा मोकळी ठेवायची, पडदे, कागद, कपडे काही नको. ओलं किंवा रंग दिलेलं लाकूड घालायचं नाही. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, आणि डबा घराबाहेर. विषारी वायूचा अलार्म कपाटावर लावून दिला, त्याचं बटण दाबून आवाज ऐकवला. मग पहिला जाळ केला. लोखंड टिकटिकत तापलं. सासऱ्यांची खुर्ची खोलीच्या मध्यावर आणली, ते बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा."

पंधरवड्यानं सूनबाईंचा फोन आला. बाबांपर्यंत शेक पोचत नाही, म्हणाल्या.

असे फोन नवीन नाहीत. बहुतेक वेळा लाकूड ओलं असतं नाहीतर झडप अर्धी बंद. मी गेलो, सगळं तपासलं. दाराच्या फटीत कागद धरून ओढून पाहिला, तो घट्ट बसत होता. पाइप धूर चांगला ओढत होता. काच स्वच्छ, ज्वाळा पिवळ्या, निवांत. खोलीही गरम होती. कपाटापाशी उभं राहिलं तर स्वेटर काढावासा वाटत होता. खिडकीतलं रोप उष्णतेनं मान टाकून बसलं होतं. खुर्चीत मात्र सासरे शाल गळ्यापर्यंत ओढून बसले होते आणि त्यांचा खालचा ओठ थरथरत होता.

खुर्ची हलवून पाहिली का, असं मी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, तीन वेळा हलवली. दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा तेच.

मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसलो.

इतकी वर्षं मी स्टोव्हसमोर बसतोय. जाळाचा शेक उन्हासारखा येतो, सरळ, आणि मधे काही आलं की तिथे सावली पडते, उन्हात पडावी तशी. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. त्या खुर्चीत बसलो तेव्हा माझ्या उजव्या खांद्याला शेक लागत होता. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागत होता. छाती, पोट, तोंड यांना लागत नव्हता. झाडाखाली बसावं तसं. समोर काहीही नव्हतं. फरशी, स्टोव्ह, काचेमागे जळणारं लाकूड, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी हात पुढे केला. कोपरापर्यंत गार. मनगटापर्यंत गार. मग आणखी थोडा वाकून हात लांबवला आणि तळव्याला एकदम चटका बसावा तसा शेक लागला. हात तिथेच धरून मी थोडा वेळ बसलो. तळवा गरम होता, आणि तळवा ते खांदा सगळा हात थंड होता. मग मी हात मागे घेतला. सदऱ्याची बाही दमट लागली.

"कळलं?" सोफ्यावरून सासऱ्यांनी विचारलं.

मी म्हणालो, झडप जरा जास्त उघडी ठेवून पाहू.

"झडपेचं काही नाही मिस्त्री. पुढे बसलंय कुणीतरी." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं ते बोलले. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी जाताना मी ते मेहुण्याला सांगितलं. त्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतोय. मग म्हणाला, खोलीत कुठून तरी वाऱ्याची धार येत असेल. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. वाऱ्याची धार हे अगदी चांगलं कारण आहे. फक्त तिला काठ नसतो, आणि मला खुर्चीत जो जाणवला तो काठ होता, बोट ठेवून दाखवता आला असता असा.

पुढच्या आठवड्यात सूनबाईंनी पुन्हा बोलावलं. या वेळी स्टोव्हबद्दल काही बोलल्या नाहीत. दुपारी या, एवढंच, आणि घाई आहे. मेहुणाही बरोबर आला, पाइपात कुठे फट आहे का ते वरून बघतो म्हणाला.

आभाळ भरलेलं होतं, खोलीत दिवे लावावे लागले होते. सासरे आत झोपले होते. त्यांनी गेले दोन दिवस धड खाल्लं नव्हतं, डॉक्टर येऊन गेले होते, अंगाचं तापमान उतरतंय पण कशानं ते सांगता येत नाही असं त्यांचं म्हणणं. सूनबाईंनी आम्हाला पांढऱ्या भिंतीकडे नेलं. तिथे दोरी बांधून त्यावर एक चादर पसरली होती, स्टोव्हपासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत म्हणून त्या रोज दुपारी तिथे काहीतरी वाळत घालायच्या.

त्यांनी सांगितलं ते असं. स्टोव्ह लावला त्या आठवड्यापासून मोठे कपडे मधेच ओले राहायचे. आधी ओलाव्याचा मोठा, धूसर डाग, जवळजवळ सगळ्या चादरीभर. त्यांना वाटलं, खुर्ची आड येते. त्यांनी खुर्ची बाजूला केली. डाग तसाच राहिला. मग दिवसागणिक तो लहान होत गेला. वर एक लहान गोल, खाली रुंद. त्या एवढं सांगून थांबल्या आणि मेहुण्याला म्हणाल्या, तुम्हीच बघा, ही आत्ताच पिळून घातली आहे.

आम्ही तिघं कपाटाजवळ बसलो, स्टोव्ह आणि चादर यांच्या मधोमध पडणाऱ्या वाटेच्या बाहेर. खुर्ची त्या वाटेत होती, चादरीच्या अगदी अलीकडे, रिकामी.

मी स्टोव्हमध्ये लाकूड घातलं आणि झडप उघडली. जाळानं आवाज धरला. हळूहळू चादरीच्या कडा उजळ होऊ लागल्या. ओलं कापड करडं दिसतं, वाळलं की पांढरं. पांढरं कडेकडून आत सरकत होतं.

मग ते थांबलं.

खांदे होते. डोकं होतं. एका बाजूला किंचित कललेलं, ऐकत असल्यासारखं. मेहुण्यानं उगाच घसा खाकरला. आणखी थोड्या वेळानं कान दिसू लागला. कानाची पाळी. मानेवर सुटलेले केस, एकेक वेगळा.

"कडा बघा," सूनबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी अंधूक होत्या. स्टोव्हला खेटून असलेल्या वस्तूची सावली अंधूकच पडते, आणि मोठी. आता रेघ बारीक आलीये. म्हणजे ते स्टोव्हपाशी नाहीये आता, चादरीकडे सरकत आलंय."

ती सावली माणसाच्याच मापाची होती.

मेहुणा उठला. गाडीत थांबतो म्हणाला, आणि भिंतीला पाठ लावून लावून दारापर्यंत गेला.

मी झडप बंद केली. जाळ बसला, काच काळवंडली, फक्त निखारे राहिले. त्यापलीकडे काय करावं ते मला माहीत नव्हतं. आग विझवणं मला येतं.

आतलं दार उघडलं. सासरे काठी टेकत आले. सूनबाई पुढे झाल्या, बाबा, इथे नको, सोफ्यावर बसा. त्यांनी तिच्या दंडाला हात लावून तिला प्रेमानं बाजूला केलं.

"अगं, किती दिवस असं करायचं," ते म्हणाले. "त्यालाही थंडी वाजते."

ते खुर्चीशी गेले. वळले. बसले.

आधी एका कडेला बसले. बाकावर शेजारी कुणी असावं, तसे अंग चोरून.

मग सरकले.

मग पाठ टेकली. सावकाश. गरम पाण्यात उतरावं तशी.

स्टोव्हमध्ये एक निखारा फुटला.

सासऱ्यांनी शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली.

"आला," ते म्हणाले. "आता आला शेक."

त्यानंतर बरेच दिवस मी त्या रस्त्याला गेलो नाही. मेहुण्यानंही विषय काढला नाही. छपरावरून मारतो ते त्याचे विनोद चालूच होते, पण कामाच्या घरात शिरला की तो आधी खुर्च्या कुठे आहेत ते बघायचा. थंडी अगदी भरात असताना सूनबाईंचा फोन आला. स्टोव्ह काढून न्या, म्हणाल्या. बिघडला का, असं मी विचारलं. नाही, गरज लागत नाही आता.

मी एकटाच गेलो. रस्त्यावर दवाचं बर्फ झालं होतं आणि त्या घराची खिडकी सताड उघडी होती. सूनबाई घरात कोट घालून वावरत होत्या. सासरे खिडकीशी पातळ सदऱ्यात उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. अंग भरलं होतं, गालांवर रंग होता. त्यांनी माझं, घरच्यांचं, गुडघ्यांचं सगळं विचारलं. बाबांना उकडतं, सूनबाई म्हणाल्या.

मी पाइप उतरवला, छताचं भोक पत्र्यानं आणि सिमेंटनं बुजवलं. सूनबाई खाली शिडी धरून होत्या. त्यांनी विचारलं, आता वरून आत काही येणार नाही ना? मी म्हणालो, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि आतून बाहेर?"

मी शिडीवरून खाली बघितलं. त्या सासऱ्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

निघताना सासरे दारापर्यंत सोडायला आले. उंबऱ्याबाहेर बर्फानं घसरत होतं म्हणून डाव्या हातात काठी घेतली होती. उजव्या हातानं त्यांनी माझा हात धरला आणि बोलणं संपेपर्यंत सोडला नाही. खूप आभारी आहे मिस्त्री, म्हणाले. पुन्हा या, सहज या. हात छान उबदार होता. त्या गारठ्यात तो सोडावासा वाटत नव्हता.

संध्याकाळी घरी हात धुताना झोंबलं. बायकोनं दिव्याखाली धरून पाहिलं. गरम पाइपला हात लागला की उठतात तसे लाल डाग होते, बोटांच्या आकाराचे. एवढ्या वर्षांत कामावर भाजला नाहीस असा एक महिना गेला नाही, म्हणत ती मलम शोधायला गेली. मी सांगितलं, पाइप थंडच होता, एका म्हाताऱ्या माणसानं हात हातात घेतला होता.

ती मलम घेऊन आली आणि लावता लावता थांबली. माझा हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"दोन्ही हातांनी धरलेलं दिसतंय," ती म्हणाली. "पण हा एक हात रुंद आहे. आणि हा केवढासा बारीक आहे, बघ."

सासऱ्यांचा डावा हात सगळा वेळ काठीवर होता.