कै. टेंभेकर यांची उपस्थिती

वर्ष दोनदा संपतं. डिसेंबरात सगळ्यांचं, आणि मार्चात त्यांचं, ज्यांना दुसऱ्यांचे वार्षिक अहवाल लिहावे लागतात. अनुश्री या दुसऱ्या लोकांतली. शंकर नगरात दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं जनसंपर्काचं ऑफिस होतं. खालून दिवसभर ड्रिलचा आवाज यायचा, आणि वरच्यांना तेवढंच बरं वाटायचं, की आपल्यापेक्षा वाईट कोणाचं तरी चाललंय.

यंदा अहवाल अकरा होते आणि लिहिणारी एक. महिनाभर तिच्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडत होती. शेवटी ती गुपचूप समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"झोपता किती?" बाईंनी विचारलं.

"आठवड्यातून?" अनुश्री म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचलून लिहिलं: सात दिवस विश्रांती. अनुश्रीची रजा या वर्षात तीनदा मंजूर झाली होती आणि तीनदा रद्द. या वेळी ती चिठ्ठी न दाखवता नुसतीच निरंजनभैयासमोर उभी राहिली. निरंजन म्हणजे ऑफिसचा मालक.

"अकराच्या अकरा अहवाल मंजूर करून आण," तो म्हणाला. "मग एक तारखेपासून सात दिवस जा. फोनसुद्धा नाही करणार. मले का तुझी काळजी नाही?" असं म्हणून त्याने अकरावी फाइल तिच्या हातात दिली.

अकरावा अहवाल तात्यापाऱ्यातल्या टेंभेकर वाचनालयाचा होता. वाचनालयाचे चिटणीस नाना टेंभेकर, वय ब्याऐंशी, कार्यक्रमाचा तपशील रेघांच्या कागदावर मराठीत लिहून पाठवायचे. शहरातले पेपर हिंदी, म्हणून त्याची हिंदी बातमी ऑफिसातला अनिमेष करायचा. अनिमेष घरचा मराठीच, पण त्याला मराठी नुसती कळायची, तोंडातून हिंदीच निघायची. बाकीचे दहा अहवाल मंजूर झाल्यावर सत्तावीस तारखेला अनुश्रीने हा उघडला आणि पहिल्याच पानावर वाचलं: कैप्टन शामराव टेंभेकर ने दीप प्रज्वलित किया.

"हा कॅप्टन कोण?"

"नाना के काग़ज़ में है, दीदी. देखो."

तिने पाहिलं. नानांनी लिहिलं होतं: प्रमुख उपस्थिती, कै. शामराव टेंभेकर (प्रतिमा).

"अरे पोट्ट्या, कै. म्हणजे कैलासवासी! वाचनालय काढलं ते शामराव, नानांचे काका. वारले ते अडुसष्ट साली."

"तो स्व. लिखना था ना. हिंदी में कै. मतलब कैप्टन होता है."

"आणि प्रतिमा? प्रतिमा म्हणजे फोटो रे. हार घातलेला."

अनिमेषने मान खाली घातली. "मुझे लगा मैडम हैं."

तिने पुढे वाचलं. सौ. प्रतिमा टेंभेकर यांचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत झालं होतं. जुलैपासून पाच कार्यक्रम झाले होते, आणि अनिमेषने दरवेळी मागचीच बातमी पुढे चालवली होती. पाचही बातम्या पेपरात छापून आल्या होत्या. तक्रार एकाचीही नव्हती.

अनुश्रीने नानांना फोन लावला. माफी मागायचा तिला सराव होता, तिच्या कामाचा तो निम्मा भाग होता.

"नाना, आमच्याकडून फार मोठी चूक झाली. तुमच्या काकांना आम्ही उपस्थित दाखवलं. पाच वेळा."

"मंग? होते ना उपस्थित."

"तसं नाही, नाना..."

"हे पाय बेटा. पंचावन्न वर्षं आम्ही त्यायले कै. कै. लिहून राहिलो. असं लिहिल्यावर माणूस काहून येईन? तुम्ही जुलैत नीट बोलावलं, तर ते आले. काकू नाही आल्या. त्यायचं नाव प्रतिमा नव्हतं."

वय झालंय, असं अनुश्रीने स्वतःला सांगितलं आणि अहवालासाठी फोटो निवडायला घेतले.

जुलैच्या फोटोत मंचावर पाच खुर्च्या होत्या. चौथीवर हार घातलेली तसबीर. ऑगस्टच्या फोटोत तसबीर नव्हती. चौथी खुर्ची रिकामी होती, आणि तिसरीवरचे आणि पाचवीवरचे गृहस्थ तिच्याकडे कलून बसले होते, ऐकू कमी येणाऱ्यांसारखे. नोव्हेंबरचे दोन फोटो एका मिनिटाच्या अंतराने काढलेले होते. पहिल्यात चौथ्या खुर्चीपुढे चहाचा भरलेला कप. दुसऱ्यात कप रिकामा होता, आणि बशीत बिस्किटाचा चुरा. खुर्चीची गादी मधोमध दबलेली.

अनुश्रीने फोटो मोठा केला, मग लहान केला, मग बंद केला. चार दिवस उरले होते. तिने पाचही ठिकाणचं नाव काढलं आणि अठ्ठावीसला छपाईची प्रत नानांच्या मंजुरीच्या सहीसाठी पाठवली.

एकोणतीसला प्रत परत आली, सहीशिवाय. कागदांना ट्रंकेतल्या कपड्यांचा वास येत होता, डांबराच्या गोळ्यांचा. पाचही ठिकाणी नाव 'कॅप्टन'सकट शिसपेन्सिलीने परत लिहिलेलं होतं, अक्षर गोल, ताठ, जुन्या वळणाचं. शिवाय शुद्धलेखनाच्या चौदा चुका दुरुस्त केल्या होत्या, ज्या तिला दिसल्याच नव्हत्या. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती: "'कॅप्टन' हे बरोबर नाही. पण असू द्या."

"ते अक्षर माहं नाही," नाना फोनवर म्हणाले. "माहा हात कापते."

"मग सही तरी करा ना, नाना. माझी रजा अडलीय."

"त्यायचं नाव तुम्ही काढता आणि सही मले मागता? मी कसा करू?"

तिने पुन्हा नाव काढलं आणि प्रत पाठवली. हट्टाने नव्हे. हट्टाला लागणारी ताकद फेब्रुवारीतच संपली होती. जे चूक आहे ते खोडायचं, एवढंच हातांना माहीत होतं.

तीस तारखेला प्रत परत आली. नाव पाच ठिकाणी. आत एक चिठ्ठी, त्याच अक्षरात:

"बाई, पापणी अजून फडफडते का? रजेवर जा. तुमच्या जागी मी बसतो. मला वेळ आहे."

पापणीचं तिने डॉक्टरीणबाईंशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

खाली ड्रिल सुरू होतं. तिने चिठ्ठी तीनदा वाचली. वर्षभरात तिला 'काळजी घे' म्हणणारे चाळीसेक तरी भेटले होते. 'तुमच्या जागी मी बसतो' असं एकानेही म्हटलं नव्हतं.

तिने नाव परत घातलं. पाचही ठिकाणी.

मग रजेचा अर्ज काढला. 'रजेच्या काळात काम कोण पाहील' हा रकाना वर्षभर तिच्या प्रत्येक अर्जात कोरा राहिला होता, आणि रजा रद्द व्हायची ती त्यावरूनच. तिने लिहिलं: कॅप्टन शा. टेंभेकर. निरंजनने न वाचता सही केली. तो काहीच वाचायचा नाही, म्हणून तर त्याच्या धंद्याला बरकत होती.

एकतीसला दुपारी नानांची सही आली, थरथरती.

रजेचे पहिले दोन दिवस अनुश्री नुसती झोपली. आई उठवायची, जेवू घालायची, आणि ती ताटावरून परत अंथरुणावर जायची. तिसऱ्या दिवशी पापणी थांबली. फोन एकदाही वाजला नाही. चौथ्या दिवशी मात्र ही शांतता तिला सहन होईना. तिने अनिमेषला फोन केला.

"सब हो गया, दीदी. टाइम से पहले. पाँच बजे तो सबको घर भेज देते हैं."

"कोण? निरंजनभैया?"

"नहीं, साहब." त्याने आवाज हळू केला. "धीरे बोलो ना. लिख रहे हैं."

सातव्या दिवशी तिने निरंजनला फोन केला.

"भैया, उद्यापासून येते."

"उद्या?" निरंजन म्हणाला. "थांब. विचारून सांगतो."

त्याने फोन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. पावलं गेली. खालचं ड्रिल ऐकू येत नव्हतं. कागद उलटल्याचा आवाज आला. पावलं परत आली.

"साहेब म्हणून राहिले, घाई नाही. गरज पडली तर बोलावून घेऊ."

"पण माझं काम?"

"चालू आहे ना," तो म्हणाला, अगदी मायेने, आणि फोन ठेवला.

आठव्या दिवशी सकाळी दहा वाजता ती ओसरीत विळीवर भेंडी चिरत बसली होती. उन्हं वर आली होती. भिंतीपलीकडून क्षमाकाकूंनी आवाज दिला.

"काहो, अनुश्री दिसून नाही राहिली?"

आई परडी घेऊन बाहेर आली. "हापिसात गेली जी. तिले कुठली सुट्टी! मार्च संपला तरी तेच."

"आई," अनुश्री म्हणाली.

आईने वळून ओसरीकडे पाहिलं. खांब, तुळस, दोरीवरचे कपडे. नजर अनुश्रीवरून तशीच पुढे गेली आणि ताटलीतल्या अर्ध्या चिरलेल्या भेंडीवर थांबली.

"आई, मी इथंच आहे ना."

"विळी उघडीच टाकून गेली पोट्टी," असं पुटपुटत आई आली, पदर खोचला, आणि अनुश्री उठायच्या आत तिच्या जागेवर बसून भेंडी चिरू लागली.