त्याच्या डोळ्यातली खोली

लॅपटॉपचा स्क्रीन बदलून आणायचा, एवढंच काम होतं. जुन्या टॉवेलात लॅपटॉप गुंडाळून सून दुपारची बाहेर पडली आणि जिन्यातच शेजारच्या काकूंनी तिला गाठलं. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा ज्यांना ठाऊक असतं, त्यांना चुकवून जिना उतरणं कुणाला जमलंय?

“बदलतेस ना? बरं करतेस,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. “जाणारा गेला गं बाई. मागे राहिलेल्यांच्या पोटात चार घास तर गेले पाहिजेत.”

गोष्ट अशी होती. तिचा नवरा याच लॅपटॉपवर काम करता करता गेला होता. बसल्या जागी मान पुढे पडली आणि कपाळ स्क्रीनवर आदळलं. कपाळावर साधा ओरखडा नव्हता. काचेला मात्र कोपऱ्यापासून तडे गेले होते, कोळ्याने जाळं विणावं तसे. काही दिवसांनी त्यातले फोटो काढून घ्यावेत म्हणून तिने लॅपटॉप उघडला, तर कुणी बोट न लावता स्क्रीनवर काहीबाही उघडायला, मिटायला लागलं. आणि सगळी उघडमीट होऊन शेवटी यायचा तो एकच फोटो. उजाड टेकडीवर तो एकटा उभा, मागे नुसतं आभाळ. लग्नानंतर तिनेच काढलेला. फोटो मग आपोआप मोठा होत जायचा, त्याचा चेहरा तड्यांमागे येऊन थांबेपर्यंत.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या, त्या बसल्याच.

“बाळा, तूच ना?” त्या विचारायच्या. फोटो हलायचा.

त्यांनी जेवण सोडलं. मी ताटावर असताना त्याने हाक मारली तर, म्हणायच्या. बाई वाळून काडी झाली. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, “खायला घाला त्यांना, कसंही करून. या वयात शरीर फार दिवस वाट बघत नाही.” नवऱ्याला तर ती अडवू शकली नव्हती. आता त्याची आईही हातातून निसटत होती, तेही तिच्या डोळ्यांदेखत, एका फुटक्या काचेपायी.

दुरुस्तीवाला बोलघेवडा होता. कपाळावर भिंग चढवून त्याने स्क्रीन उजेडात धरला आणि हसला.

“ताई, काच फुटली की टचस्क्रीनला वेड लागतं. कुणी शिवलेलं नसतं, पण याला वाटतं कुणीतरी शिवतंय. आमच्या धंद्यात याला भूतच म्हणतात. घाबरू नका. या भुताला मांत्रिक नको, स्क्रूड्रायव्हर पुरतो.”

“मला टच नकोच आहे,” ती म्हणाली.

“नको? लोक टचसाठी भांडायला येतात माझ्याशी!”

“मला हे थांबवायचंय. पण फोटो नीट दिसायला हवा. घरी... घरी काहीतरी कारण सांगावं लागेल.”

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि थट्टा आवरती घेतली. “मग याला जास्त रिझोल्यूशनचं पॅनेल बसवू. वायर वेगळी लागते, ती आहे माझ्याकडे. टच नसेल, पण चित्र असं येईल की भुवईचे केस मोजून घ्या.”

गरम हवा मारून, पातळ पात्याने कडा सोडवत त्याने जुना स्क्रीन बाहेर काढला. काचेवर बोटांचे ठसे होते. सवयीने त्याने फडकं फिरवलं. ठसे तसेच. काच उलटी करून त्याने मागून पुसलं, पुन्हा पुढून पुसलं. मग भिंग डोळ्यावर ओढून तो काचेच्या कडेवरून नजर फिरवत राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. ठसे आतून आहेत.”

“आतून... म्हणजे?”

“काच आणि पॅनेल कारखान्यातच चिकटवतात, ताई. मधे कागद शिरत नाही.” त्याने भिंग वर केलं. “गोंद सुटला असेल.”

टचची वायर त्याने नुसती सोडवून ठेवली नाही, मुळापासून उपटून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. जुनी काच तिच्यासमोरच फोडून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई रिकाम्या टेबलापुढे बसून होत्या.

“आई, बघा तर. चेहरा आता कसा लख्ख दिसतोय.”

दिसत होताच. पापण्यांची सावलीसुद्धा दिसत होती. सासूबाईंनी बोट स्क्रीनला लावलं. काही हललं नाही.

“बाळा?”

स्क्रीन ढिम्म.

“बाळा... अरे...”

बऱ्याच वेळाने त्यांनी सुनेकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. “त्याचा हात माझ्या हातातून सोडवलास गं तू,” त्या म्हणाल्या आणि भिंत धरत आतल्या खोलीत जाऊन पडल्या. पाण्याचा पेला तिने तोंडाशी धरला, तर त्यांनी ओठ मिटून घेतले.

सकाळी मात्र त्या आपणहून बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “वाढ.”

सुनेने वाढलं. त्यांनी खाल्लं. पुन्हा मागितलं, तेही संपवलं. सून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून, आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून रडली. देवच पावला म्हणायचं.

दिवसागणिक सासूबाईंची तब्येत भरत चालली. गाल वर आले, हातावरचं कातडं तुकतुकीत झालं. लॅपटॉपकडे त्या ढुंकून बघत नसत. मुलाचं नावही काढत नसत. बोलणं जवळपास बंदच, पण भूक दांडगी.

काकू डोकावल्याच. “अगंबाई, ओळखू येईनात की! काय घालतेस तरी काय? मला सांग म्हणजे मी नेमकं ते खाणार नाही.” स्वतःच्याच विनोदावर त्या खळखळून हसल्या. सासूबाईंनी मान वर केली नाही. घास, घास, घास. काकूंचं हसू हळूहळू विरलं. निघताना दारात त्या पुटपुटल्या, “बाकी सगळं बरं आहे गं... पण चावताना जरा आवाज करतं माणूस.”

सुनेने ते मनावर घेतलं नाही. काकूंना काय, साखरेतही खडे दिसतात.

असाच एक मळभट दिवस होता. सासूबाई खुर्चीत जेवत होत्या, हातातलं सगळं आवरलं होतं, आणि सुनेला नवऱ्याची फार आठवण आली. इतके दिवस त्याच्यासाठी बसून रडायलाही तिला सवड मिळाली नव्हती. तिने लॅपटॉप उघडला, फोटो लावला. टच नव्हता, म्हणून बटणं दाबून दाबून तो मोठा केला. कपाळ. भुवई. मग डोळा. इतका मोठा केला तरी चित्र फुटत नव्हतं. डोळ्याच्या काळ्याभोर बाहुलीत काहीतरी चकाकत होतं.

आपण असू, तिला वाटलं. फोटो काढणारी तीच तर होती.

तीच होती. पण टेकडीवरची नव्हे. अंगावर आजचे कपडे होते. मागे ही खिडकी, खिडकीचे गज, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग. तिने हात उचलला. बाहुलीतल्या बाईने हात उचलला.

आश्चर्य म्हणजे ती आधी घाबरली नाही. तिला हुंदका आला. तो बघत होता. तुटक्या काचेतून त्याला कदाचित सगळं धूसर दिसत असेल, म्हणून इतका चाचपडत असेल. आता त्याला घर स्पष्ट दिसत होतं. तिने डोळे पुसले आणि त्याला दिसतंय ते एकेक करून पाहू लागली. तिच्यामागे खुर्ची होती. खुर्चीपुढे ताट.

खुर्ची रिकामी होती.

ती वळली. सासूबाई खुर्चीत बसून जेवत होत्या. भरल्या गालांनी, शांतपणे, खाली मान घालून. तिने परत स्क्रीनकडे पाहिलं. रिकामी खुर्ची, ताट, आणि ताटातलं अन्न कमी होत चाललेलं.

तिने चित्र थोडं सरकवलं. खुर्चीच्या मागे आतल्या खोलीचं उघडं दार होतं, दारातून पलंग दिसत होता. पलंगावर कुणीतरी होतं. हाडांवर कातडं ओढल्यासारखं, ओठ कोरडे, तोंड दाराच्या दिशेने उघडं. तोंड हळूहळू उघडत होतं, मिटत होतं. चिमणीच्या पिल्लाने चोच वासावी तसं.

सासूबाई. स्क्रीन बदलला त्या रात्री आत जाऊन पडल्या होत्या, तशाच.

ती उठली. खुर्चीकडे न बघता, भिंतीला पाठ घासत आतल्या खोलीत गेली. पलंगावर कुणी नव्हतं. सकाळी तिनेच चादर झटकून घातली होती, एक सुरकुती नव्हती. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तरीही हात पुढे केला.

तळवा चादरीपर्यंत पोचला नाही. वीतभर वर, मोकळ्या हवेत, तो कशावर तरी टेकला. बारीक. अजून कोमट. मनगट... आणि त्यात, अगदी मंद, थांबत थांबत, नाडी चालू होती.

“आई?” ती कुजबुजली. “आई... मी आहे...”

मनगट तिच्या हातात किंचित हललं.

बाहेरच्या खोलीत ताट सरकल्याचा आवाज झाला.

“अगं, कुठे गेलीस?” सासूबाईंचाच तृप्त, जड आवाज आला. “वाढ ना.”